‘संग्रह’ आणि ‘संग्रह1’: लिनक्सवर बाहेरची हार्ड डिस्क वापरताना फाइली नेमक्या कुठे जातात?

प्रश्न थोडक्यात असा. गिरगावातल्या एका वाचनालयात काही स्वयंसेवक जुने दिवाळी अंक आणि संस्थेची इतिवृत्तं स्कॅन करत आहेत. संगणकावर लिनक्स मिंट आहे. ‘संग्रह’ नावाची 4 टीबीची बाहेरची हार्ड डिस्क यूएसबीने जोडतात, ती दुकानातून आली तशीच एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या फॉरमॅटमध्ये) आहे. रोज रात्री एक स्क्रिप्ट स्कॅनचं फोल्डर तिच्यावर उतरवते. काही आठवड्यांपासून डिस्क ‘संग्रह1’ या नावाने दिसते, नव्या फाइली तिच्यावर सापडत नाहीत आणि संगणकाची आतली डिस्क भरत आली आहे. डिस्क बिघडली का, नवी घ्यावी का, कुठला फॉरमॅट ठेवावा आणि पावसाळ्यात ती कुठे ठेवावी, असं विचारलं आहे.

तुमची डिस्क बहुधा ठणठणीत आहे. पण पुढचं वाचेपर्यंत कृपा करून एकही फाइल पुसू नका. विशेषतः आतल्या डिस्कवर जागा करायची म्हणून स्कॅनचं मूळ फोल्डर रिकामं करायचा विचार असेल तर तो आधी थांबवा.

‘संग्रह1’ मधला तो 1 सगळं सांगून जातो. विंडोजमध्ये डिस्क लावली की तिला एक अक्षर मिळतं, काढली की ते अक्षर नाहीसं होतं, आणि त्यावर लिहायला गेलेला प्रोग्राम चूक दाखवून थांबतो. लिनक्समध्ये डिस्क एखाद्या फोल्डरवर माउंट होते, म्हणजे तिच्यातला मजकूर त्या फोल्डरमध्ये दिसू लागतो. डिस्क नसतानाही ते फोल्डर तिथे असू शकतं. तेव्हा ते आतल्या डिस्कवरचं एक साधं फोल्डर असतं आणि त्यात लिहिलेलं सगळं मुकाट्याने आतल्या डिस्कवर जातं.

मिंटमध्ये तुम्ही लॉगिन असताना डिस्क जोडली की डेस्कटॉप ‘मीडिया’ फोल्डरमध्ये, तुमच्या युजरनावाखाली, डिस्कच्या लेबलचं, म्हणजे तिला दिलेल्या नावाचं, फोल्डर तयार करतो आणि डिस्क तिथे माउंट करतो. इजेक्ट केली की ते फोल्डर काढूनही टाकतो. तुमची स्क्रिप्ट मात्र रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरच्या नावे, चालते. तिला कोणी लॉगिन असण्याची गरज नाही आणि कुठेही फोल्डर बनवायचा हक्क आहे. एखाद्या संध्याकाळी कोणीतरी काळजीने डिस्क इजेक्ट करून कपाटात ठेवली असेल. किंवा वीज जाऊन आली, संगणक पुन्हा सुरू झाला आणि लॉगिन कोणी केलंच नाही. रात्री स्क्रिप्ट चालली, ‘संग्रह’ फोल्डर सापडलं नाही, म्हणून आरसिंकने, म्हणजे स्क्रिप्टमधल्या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने, ते स्वतःच तयार केलं आणि आतल्या डिस्कवर प्रत काढली. सकाळी डिस्क जोडली तेव्हा ‘संग्रह’ हे नाव आधीच घेतलेलं होतं, म्हणून डेस्कटॉपने तिला ‘संग्रह1’ केलं. त्या रात्रीपासून स्क्रिप्ट रोज खोट्या ‘संग्रह’मध्ये लिहिते आहे आणि कुठेही चूक दिसत नाही, कारण तिच्या दृष्टीने कॉपी यशस्वी झालेली आहे.

खात्री करून घ्या. (कमांड इथे देवनागरीत लिहितो आहे, टाइप करताना रोमन लहान अक्षरं वापरा.) टर्मिनलमध्ये ‘डीएफ -एच’ आणि पुढे त्या ‘संग्रह’ फोल्डरचा पत्ता द्या. उत्तरात बाहेरच्या डिस्कऐवजी आतल्या डिस्कचं नाव आलं तर निदान बरोबर आहे. ‘फाइंडएमएनटी’ ही कमांड तर कुठली डिस्क कुठल्या फोल्डरवर बसली आहे त्याची पूर्ण वंशावळच दाखवते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. त्या रात्रीपासूनच्या स्कॅनची मूळ फाइल आणि ‘बॅकअप’ या दोन्ही एकाच डिस्कवर आहेत. ती डिस्क गेली तर दोन्ही गेल्या. आणि बॅकअप आहे म्हणून कोणी मूळ फोल्डरमधलं काही पुसलं असेल, तर त्या पानांची जगातली एकमेव प्रत या चुकीच्या फोल्डरमध्ये आहे. म्हणून म्हटलं, काही पुसू नका. क्रॉनमधली ती ओळ आजच बंद करा. मग खरी डिस्क जोडून, खोट्या ‘संग्रह’मधलं सगळं आणि मूळ फोल्डरमधलंही सगळं तिच्यावर उतरवा. आरसिंकला ‘चेकसम’चा पर्याय देऊन एकदा पुन्हा चालवा. वेळ लागेल, पण तो दोन्हीकडची प्रत्येक फाइल वाचून ताडून बघतो. त्याने उतरवण्यासारखं काही उरलं नाही असं दाखवलं, की डिस्क इजेक्ट करा, खोटं फोल्डर काढा आणि डिस्क पुन्हा जोडा. ती ‘संग्रह’ या तिच्या नावाने येईल.

आता हे पुन्हा होऊ नये याची व्यवस्था. डेस्कटॉपच्या आपोआप माउंटवर कुठलीही रात्रीची स्क्रिप्ट अवलंबून ठेवू नये, हे माझं ठाम मत आहे. डिस्कसाठी ‘एमएनटी’ फोल्डरमध्ये एक कायमचं फोल्डर करा आणि तिची नोंद ‘ईटीसी’मधल्या एफएसटॅब फाइलमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठे माउंट करायची त्या यादीत, घाला. नोंदीत एसडीबी किंवा एसडीसी असं नाव देऊ नका. ही नावं जोडण्याच्या क्रमाने मिळतात आणि उद्या पेनड्राइव्ह आधी लावला तर बदलतात. ‘एलएसबीएलके -एफ’ या कमांडने दिसणारा यूयूआयडी, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, द्या. तो फाइल सिस्टीमसोबत राहतो.

त्याच ओळीत दोन पर्याय न विसरता घाला. पहिला ‘नोफेल’. तो नसेल आणि डिस्क जोडलेली नसेल, तर संगणक सुरू होताना तिची सुमारे 90 सेकंद वाट बघतो आणि मग काळ्या पडद्यावर इमर्जन्सी मोडमध्ये अडकतो. वाचनालय उघडायला आलेल्या माणसाला त्या पडद्याचं काय करायचं ते कळणार नाही. दुसरा ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’. याने फोल्डरला हात लागला की त्या क्षणी डिस्क माउंट होते, कोणी लॉगिन असो वा नसो. डिस्क जोडलेली नसेल तर लिहिणाऱ्याला सरळ चूक मिळते. आपल्याला हवं आहे ते हेच. ती चूक दीड मिनिटाऐवजी लगेच यावी म्हणून ‘एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट’ 10 सेकंदांचा ठेवता येतो.

त्यावर आणखी एक कडी लावा. डिस्क जोडलेली नसताना आणि एफएसटॅबची नोंद चालू करण्याआधी, त्या रिकाम्या फोल्डरवर ‘सीएचएटीटीआर +आय’ चालवा. मग रूटलाही त्यात फाइल बनवता येत नाही, मात्र डिस्क त्यावर माउंट व्हायला काही अडचण येत नाही. आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ‘एलएस’ने ते फोल्डर उघडा, मग ‘फाइंडएमएनटी’ला यूयूआयडी देऊन डिस्क खरंच बसली आहे का ते तपासा, नसेल तर तिथेच बाहेर पडा. आरसिंकला ‘डिलीट’चा पर्याय दिलेला असेल तर तपासणी उलट बाजूनेही हवी. मूळ फोल्डर काही कारणाने रिकामं दिसलं तर तो पर्याय बॅकअपही इमानेइतबारे रिकामा करतो. तुमच्या कामात स्कॅन फक्त वाढत जातात, तेव्हा ‘डिलीट’ काढूनच टाका.

इजेक्टला वेळ लागतो, असंही तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. तो दोष नाही. लिनक्स लिहायचा मजकूर आधी रॅममध्ये घेतो आणि मागाहून डिस्कवर उतरवतो. मूळ सेटिंगमध्ये उपलब्ध रॅमच्या सुमारे 20 टक्क्यांपर्यंत मजकूर असा वाटेत असू शकतो. 16 जीबी रॅम असेल तर ढोबळमानाने 3 जीबी. यूएसबी 2 च्या पोर्टवर सेकंदाला 30 एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे कॉपीची पट्टी पूर्ण झाल्यावरही दीडेक मिनिट काम चालूच असतं. त्या दीड मिनिटात केबल ओढली तर शेवटच्या फाइली अर्धवट राहतात, आणि नाव व आकार बरोबर दिसत असल्यामुळे ते कित्येक महिने कळत नाही. ‘सिंक’ कमांड परत येईपर्यंत किंवा इजेक्टचा निरोप येईपर्यंत थांबणं हा इथे कामाचाच भाग आहे. शक्य असेल तर डिस्क संगणकाच्या मागच्या निळ्या यूएसबी 3 पोर्टला थेट लावा. यूएसबी 3 चा पोर्ट 900 मिलिअँपिअर देतो, यूएसबी 2 चा 500. स्कॅनर आणि डिस्क मिळून एकाच बिनअडॅप्टरच्या हबवर असतील तर डिस्क मध्येच सुटणं अगदी स्वाभाविक आहे. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये, म्हणजे ‘जर्नलसीटीएल -के’मध्ये, ‘डिस्कनेक्ट’ किंवा ‘रीसेट’ शब्द वारंवार दिसले तर डिस्कला दोष देण्याआधी केबल आणि पोर्ट बदलून बघा.

फॉरमॅटचा निर्णय ही डिस्क कोण वाचणार यावर ठरतो. एनटीएफएस लिनक्सवर चालतं, कर्नलमध्येच 2021 सालच्या 5.15 आवृत्तीपासून त्याचा पूर्ण वाचता-लिहिता येणारा ड्रायव्हर आहे. पण डीटीपी करणाऱ्याच्या विंडोज लॅपटॉपला लावलेली असताना लॅपटॉप फास्ट स्टार्टअपसह (म्हणजे पूर्णपणे न मिटता) बंद झाला, तर डिस्क अर्धवट अवस्थेत राहते आणि लिनक्स तिच्यावर लिहायला नकार देतो. तिची खरी दुरुस्ती विंडोजच्या सीएचकेडीएसके या डिस्क तपासणाऱ्या कमांडनेच होते. जपून ठेवायच्या प्रतीचं आरोग्य दुसऱ्याच्या लॅपटॉपवर अवलंबून असावं हे मला पटत नाही. म्हणून मूळ संग्रहासाठी ईएक्सटी4 (लिनक्सचा नेहमीचा फॉरमॅट), आणि लोकांना फाइली द्यायला वेगळा पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये. एक्सफॅट सगळीकडे वाचता येतं, पण त्याला जर्नल (अर्धवट राहिलेलं लिहिणं सावरायची नोंदवही) नाही, म्हणून तिथे ने-आण करावी, साठवण नको.

ईएक्सटी4 करताना एक गोष्ट कोणी सांगत नाही. ते मुळात 5 टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं. आतल्या डिस्कसाठी ते शहाणपणाचं आहे, पण 4 टीबीच्या बॅकअप डिस्कवर त्याचे 200 जीबी होतात. ‘ट्यून2एफएस -एम 0’ने ते मोकळे करा. ए4 आकाराचं एक रंगीत पान 300 डीपीआयला, न दाबता टिफमध्ये, सुमारे 26 एमबी होतं. म्हणजे तेवढ्या जागेत साडेसात हजार पानं मावतात. नव्या ईएक्सटी4चं वरचं फोल्डर रूटच्या मालकीचं असतं, ते एकदा ‘सीएचओडब्ल्यूएन’ने तुमच्या युजरच्या नावे करा.

फाइलींच्या नावांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मराठीत नावं देणाऱ्यांना हे कळायलाच हवं. ईएक्सटी4मध्ये फाइलच्या नावाची मर्यादा 255 बाइट्स आहे. यूटीएफ-8मध्ये (लिनक्स अक्षरं साठवतो ती पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट्स घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं मोजली जातात. म्हणजे मर्यादा प्रत्यक्षात 85 चिन्हांची. एनटीएफएसची मर्यादा वेगळ्या रीतीने मोजतात, तिथे देवनागरीलाही 255 चिन्हं मिळतात. त्यामुळे ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त’ असं सुरू होऊन वर्ष, ठिकाण, अध्यक्षांचं नाव सांगत जाणारी फाइल एनटीएफएसवर सुखाने राहते आणि ईएक्सटी4वर उतरवताना ‘नाव फार लांब’ म्हणून नाकारली जाते. शेकडो फाइलींच्या गर्दीत त्या चार ओळी कोणी वाचत नाही. कॉपी संपल्यावर आरसिंकचा शेवटचा निरोप वाचाच. उलट दिशेने जाताना वेगळी अडचण येते. विसर्ग समजून टाइप केलेला कोलन आणि प्रश्नचिन्ह ईएक्सटी4ला चालतं, विंडोजला चालत नाही.

दिसायला सारखी पण आतून वेगळी अक्षरं हा आणखी एक त्रास. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य काही कीबोर्ड एका चिन्हाने लिहितात, काही र आणि नुक्ता जोडून. ‘ॲ’चंही तसंच. लिनक्सच्या लेखी ती दोन भिन्न नावं आहेत. दोन स्वयंसेवकांनी दोन कीबोर्डांवर नावं टाइप केली असतील तर एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी दिसतील आणि शोधल्यावर एकच सापडेल. माझा सल्ला: फाइलीचं नाव वर्ष, महिना आणि पान क्रमांक एवढंच, आकड्यांत. मासिकाचं नाव, संपादक, चित्रकार ही सगळी माहिती वेगळ्या तक्त्यात, आणि तो तक्ता त्याच डिस्कवर.

नवी डिस्क घ्या, पण जुनी बिघडली म्हणून नव्हे. ईएक्सटी4 करायला डिस्क पुसावी लागते, आणि दुसरी प्रत नसताना ती पुसणं मी कोणाला सुचवणार नाही. नवी डिस्क ईएक्सटी4 करा, तिच्यावर सगळं उतरवा, ताडा, मग जुनी पुसून तिलाही तसंच करा. दोन डिस्क हव्यातच. लॅमिंग्टन रोडवरून घेतली तर सील बघा आणि सिरीयल नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर दुकानातच तपासा. फार स्वस्तात मिळणाऱ्या ‘16 टीबी’च्या खिशात मावणाऱ्या एसएसडी घेऊ नका, बहुतेकदा आत छोटी चिप असते आणि ती मोठी असल्याचं खोटं सांगते. ‘एफ3’ नावाचं साधन पूर्ण डिस्क भरून आणि परत वाचून हे उघडं पाडतं. खरी एसएसडीसुद्धा कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी मी घेणार नाही. जेडेक या चिप-उद्योगाच्या मानक संस्थेच्या मानकात, लिहिण्याची मर्यादा संपत आलेल्या साध्या एसएसडीने विजेशिवाय 30 अंश तापमानाला 1 वर्ष मजकूर टिकवावा एवढीच अपेक्षा आहे. नव्या एसएसडीत तो जास्त टिकतो, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बंद खोलीतलं कपाट 30 च्या वरच असतं. फिरती हार्ड डिस्क इथे अजूनही बरी. फक्त या आकाराच्या बऱ्याच छोट्या डिस्क एसएमआर (एकमेकींवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या) प्रकारच्या असतात, मोठी कॉपी काही वेळाने मंदावते. चालू द्या.

प्रकृती बघायची तर ‘डिस्क्स’ ॲपमध्ये स्मार्टची, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवलेली, माहिती येते. यूएसबीच्या पेटीमुळे ती दिसली नाही तर ‘स्मार्टसीटीएल’ला ‘-डी सॅट’ सांगून बघा. ‘रिअलोकेटेड’ (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (वाचता न आलेल्या संशयित जागा) हे दोन आकडे शून्य हवेत. पेंडिंग वाढू लागले तर दुसरी प्रत ताजी करा आणि ती डिस्क निवृत्त करा. डिस्क टकटक करू लागली तर लगेच बंद करा. अशा डिस्कवर एफएससीके (फाइल सिस्टीम दुरुस्त करणारी कमांड) चालवू नका, तो दुरुस्तीच्या नावाखाली तिच्यावर लिहितो. वाचता येईल तेवढं आधी ‘डीडीरेस्क्यू’ने दुसरीकडे घ्यायचं आणि जी काही दुरुस्ती करायची ती त्या प्रतीवर.

ईएक्सटी4 तुमच्या मजकुराचा चेकसम (फाइल बदलली का ते ओळखायची खूण) ठेवत नाही, म्हणून तो आपण ठेवायचा. प्रत्येक अंक पूर्ण झाला की ‘एसएचए256सम’ची यादी त्याच फोल्डरमध्ये ठेवा, आणि दर सहा महिन्यांनी दोन्ही डिस्कवर ती यादी पडताळा. एक पान खराब निघालं तर दुसऱ्या डिस्कवरून आणता येतं, पण ते खराब झालंय हे कळलं तरच.

पासवर्डने कुलूप लावायचं का? छापील अंकांच्या स्कॅनला नको. पदाधिकारी बदलत राहणाऱ्या संस्थेत पासवर्ड हरवण्याचा धोका चोरीपेक्षा मोठा आहे. सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर असलेल्या नोंदवह्या मात्र लक्सने (लिनक्सची डिस्क कुलूपबंद करायची सोय) कुलूपबंद केलेल्या वेगळ्या पार्टिशनमध्येच ठेवा.

पावसाळ्याचं. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, आणि डबा तळमजल्याच्या खालच्या फळीवर नाही. एसी खोलीतून काढलेली थंड डिस्क जुलैच्या दमट हवेत नेली की तिच्यावर बाष्प धरतं, म्हणून जोडण्याआधी तासभर तशीच राहू द्या. आणि दुसरी डिस्क दुसऱ्या उपनगरात ठेवा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला, तेव्हा कुलाब्याला 73 मिमी होता. एकाच शहरातल्या दोन टोकांचं नशीब एवढं वेगळं असू शकतं. गिरगावची प्रत गिरगावात, दुसरी एखाद्या कार्यकर्त्याच्या ठाण्याच्या किंवा बोरिवलीच्या घरी, आणि ठरलेल्या महिन्याला अदलाबदल. लोकलने नेताना ती चालू नसते, तेव्हा साध्या पाकिटातूनही नेता येते, फक्त पडू देऊ नका.

शेवटचं काम कागदाचं आहे. ईएक्सटी4 केलेली डिस्क विंडोजला जोडली की तो ती ओळखत नाही आणि ‘फॉरमॅट करायची का’ असं विचारतो. चांगल्या हेतूने कोणी ‘हो’ म्हटलं की संग्रह गेला. दोन्ही डिस्कवर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवा: ‘लिनक्सची डिस्क. विंडोजला लावू नये. फॉरमॅट विचारल्यास नाही म्हणावे.’ खाली यूयूआयडीचे पहिले चार आकडे आणि दुसरी डिस्क कोणाकडे आहे ते. एफएसटॅबची ओळ लिहून झाली की स्क्रिप्टसकट मला दाखवा, चालू करण्याआधी मी ती वाचून देतो.